बरणीवरचे नाव आणि बरणीतले औषध

गेल्या अंकात फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतातील बोन या गावच्या ‘ओतेल-द्यू’ या जुन्या रुग्णालयावर आणि त्यात संग्रहालय म्हणून जतन केलेल्या औषधशाळेवर लेख प्रसिद्ध झाला होता. त्यावर आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांमध्ये रंगीत कौलांचे छप्पर आणि द्राक्षमद्याचा लिलाव यांचीच चौकशी आहे. परंतु काही वाचकांनी औषधशाळेविषयी नेमके आणि विचार करायला लावणारे प्रश्न विचारले आहेत. या वेळचे सदर केवळ त्यांच्यासाठी राखून ठेवले आहे.

प्रश्न : लेखात ‘संग्रहालय’ असा शब्द आहे. ही औषधशाळा खरोखरच त्या रुग्णालयाची होती, की जुन्या वस्तू ठिकठिकाणांहून गोळा करून ती नंतर मांडली आहे?

उत्तर : ती त्या रुग्णालयाचीच आहे. बर्गंडीच्या ड्यूक फिलिपचा चॅन्सेलर, म्हणजे मुख्य मंत्री, निकोला रोलँ आणि त्याची पत्नी गिगोन द सालँ यांनी १४४३ साली या रुग्णालयाची स्थापना केली. पहिला रुग्ण १ जानेवारी १४५२ रोजी दाखल झाला आणि १९७१ साली रुग्णसेवा नव्या इमारतीत हलवली जाईपर्यंत, म्हणजे पाचशेहून अधिक वर्षे, या वास्तूत आजाऱ्यांची शुश्रूषा चालू होती. औषधशाळेच्या दोन खोल्या याच वास्तूचा भाग आहेत आणि त्यांच्या मागच्या बाजूला औषधी वनस्पतींची छोटी बाग होती. फडताळावरची बरणी ज्या रुग्णांसाठी भरली जात असे, ते रुग्ण त्याच अंगणाच्या पलीकडे खाटांवर पडलेले असत. जर्मनीतील हायडेलबर्गच्या किल्ल्यात औषधशाळांचे मोठे संग्रहालय आहे आणि तेही आवर्जून पाहण्याजोगे आहे. पण तेथील फडताळे, बरण्या आणि भांडी निरनिराळ्या मठांमधून व दुकानांमधून आलेली आहेत. बोनमध्ये वस्तू आपल्या मूळ घरातच राहिल्या आहेत, हा फरक लहान नाही.

मात्र याच निमित्ताने आमची एक चूक दुरुस्त करायला हवी. लेखातील छायाचित्राखाली ‘मध्ययुगीन औषधशाळा’ अशी ओळ छापली गेली होती. इमारत पंधराव्या शतकातील आहे, हे खरे. परंतु फडताळांवर आज दिसणाऱ्या १३० चिनी मातीसारख्या पांढऱ्या बरण्यांवर १७८२ हे साल आहे आणि त्या काळच्या औषधनिर्मात्याला कामात मग्न दाखवणारे जे चित्र तेथे लावलेले आहे, ते १७५१ सालचे आहे. म्हणजे आपण पाहतो ती औषधशाळा फ्रेंच राज्यक्रांतीच्या आदल्या पिढीची आहे. रोलँच्या काळातील रुग्णांना कोणते काढे मिळत असत, हे या बरण्या सांगू शकत नाहीत.

प्रश्न : ‘क्रेफिशचे डोळे’ आणि ‘दगडाखालच्या किड्यांचे चूर्ण’ अशी नावे बरण्यांवर आहेत, असे वाचले. आजारी माणसाला हे देणारे लोक भोंदू होते, असेच म्हणायचे ना?

उत्तर : हा प्रश्न सर्वांत अधिक वाचकांनी विचारला आहे आणि काहींनी तर पत्रात हसण्याची चिन्हेही काढली आहेत. हसायला हरकत नाही, पण प्रत्येक बरणीवर वेगळे हसावे लागेल, कारण या दोन बरण्यांचा न्याय एक नाही.

क्रेफिश म्हणजे गोड्या पाण्यात राहणारा, शेवंडीच्या जातीचा एक प्राणी. त्याचे कवच वाढत नाही, म्हणून ते त्याला वेळोवेळी टाकून नवे धरावे लागते. जुने कवच टाकण्यापूर्वी त्यातील चुना तो वाया जाऊ देत नाही. जठराच्या भिंतीत दोन लहान, पांढऱ्या, एका बाजूने फुगीर चकत्यांच्या रूपाने तो साठवतो आणि नवे कवच घट्ट करण्यासाठी तोच चुना पुन्हा वापरतो. या चकत्या वाटाण्याच्या डाळीसारख्या दिसतात. त्यांच्या गोल, बुबुळासारख्या आकारामुळे युरोपभर त्यांना ‘क्रेफिशचे डोळे’ म्हणत. डोळ्यांशी त्यांचा काडीचाही संबंध नाही. रासायनिकदृष्ट्या त्या प्रामुख्याने कॅल्शियम कार्बोनेट आहेत. त्या दळून, पाण्यात खलून, वस्त्रगाळ करून पोटातील जळजळीवर आणि आंबट ढेकरांवर दिल्या जात. कॅल्शियम कार्बोनेट जठरातील आम्लाला मारते, त्यामुळे रुग्णाला खरोखर आराम पडत असणार. आज औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या आम्लपित्ताच्या कित्येक चघळायच्या गोळ्यांमध्ये हेच द्रव्य असते. नाव विचित्र, औषध चोख, असा हा प्रकार आहे.

दुसऱ्या बरणीबद्दल इतके चांगले बोलता येत नाही. ओलसर दगडाखाली, कुजक्या लाकडाखाली राहणारे आणि काही जातींत हात लावताच गोळी होऊन बसणारे चौदा पायांचे ते राखाडी जीव आपण सर्वांनी पाहिलेले आहेत. ते वाळवून केलेले चूर्ण लघवी साफ होण्यासाठी, काविळीवर आणि दम्यावर दिले जात असे. ओल्या भिंतींवर सोरा, म्हणजे पांढरा क्षार, धरतो, सोऱ्याने लघवी सुटते, आणि हे जीव अशाच ठिकाणी राहतात, म्हणून त्यांच्या अंगी सोऱ्याचा गुण उतरत असला पाहिजे, असा तो तर्क होता. तर्काला साखळी आहे, पण एकही कडी तपासून पाहिलेली नाही. त्यांच्या कवचातही चुना असतो, एवढाच काय तो उपयोग.

तेव्हा भोंदूपणा हा शब्द मी वापरणार नाही. भोंदूला आपले औषध खोटे आहे, हे ठाऊक असते. येथे औषध देणारा माणूस शिकलेला होता, त्याच्यापुढे छापील संहिता होती आणि तिच्यात ही दोन्ही द्रव्ये शेजारी शेजारी, सारख्याच गंभीरपणे नोंदलेली होती. त्यांपैकी कोणते खरेच काम करते, हे वेगळे करून दाखवण्याची रीतच अजून बसलेली नव्हती.

प्रश्न : मी आयुर्वेदाची विद्यार्थिनी आहे. बोनच्या फडताळावर काजऱ्याच्या बियांच्या चुर्णाची बरणी आहे, हे वाचून नवल वाटले. ती बी तिकडे कशी पोचली, आणि असे जहर रुग्णालयात उघड्यावर ठेवीत असत का?

उत्तर : काजरा, म्हणजे कुचल्याचे झाड, हे भारत आणि आग्नेय आशियातील आहे आणि त्याच्या बिया मसाल्यांच्या व्यापारी मार्गांनीच युरोपात गेल्या. फ्रेंचांनी तिला दिलेल्या नावाचा अर्थ ‘ओकारीचे फळ’ असा निघतो, परंतु ओकारी आणणे हा तिचा खरा गुण नव्हे. येथेही बरणीवरच्या नावावर विश्वास ठेवून चालत नाही. आपण विद्यार्थिनी आहात म्हणून बी हाताळलीच असेल: कोटाच्या बटणासारखी चपटी, राखाडी, वर रेशमी लव, आणि इतकी चिवट की साध्या खलात ती फुटत नाही. युरोपातील औषधशाळांमध्ये ती कानशीने किसून किंवा वाफवून मऊ केल्यावर कुटावी लागे. अत्यल्प मात्रेत कडू, भूक वाढवणारे औषध म्हणून, आणि मोठ्या मात्रेत उंदीर व मोकाट जनावरे मारण्यासाठी, असे तिचे दोन्ही उपयोग एकाच काळात चालत.

तिच्यातील जहर कोणते, हे १८१८ साली पेलेतिए आणि काव्हांतू या दोन फ्रेंच औषधशास्त्रज्ञांनी स्ट्रिकनीन वेगळे काढले, तेव्हा कळले. याच जोडीने पुढे १८२० साली सिंकोनाच्या सालीतून क्विनीन काढले. म्हणजे बोनच्या बरण्यांवर १७८२ हे साल घालण्यात आले, तेव्हा चिमूटभर चुर्णात जहर किती आहे, हे मोजण्याचा कोणताही उपाय औषधनिर्मात्याजवळ नव्हता. एका पोत्यातील बी कडक आणि दुसऱ्यातील सौम्य निघाली, तरी बरणीवरचे नाव तेच राही. जुन्या औषधशाळेतील खरा धोका विचित्र द्रव्यांमध्ये नव्हता, तो या मोजता न येणाऱ्या ताकदीत होता, असे माझे मत आहे.

उघड्यावर ठेवण्याविषयी सांगायचे, तर कायदा कडक होता. पॅरिसमध्ये उघडकीस आलेल्या विषप्रयोगांच्या मोठ्या प्रकरणानंतर फ्रान्सचा राजा चौदावा लुई याने जुलै १६८२ मध्ये फर्मान काढले आणि सोमल (आर्सेनिक), रसकापूर (पाऱ्याचा क्षार) यांसारखी विषारी द्रव्ये कुलुपात ठेवण्याची व ती विकत घेणाऱ्यांची नोंदवहीत नोंद करण्याची सक्ती केली. १८०३ च्या औषधविषयक कायद्याने हीच शिस्त पुढे नेली. त्यामुळे अशा संग्रहालयात जाल तेव्हा सुंदर बरण्यांवरून नजर थोडी बाजूला न्यावी आणि एखादे जाड दाराचे, कुलपाची जागा असलेले लहानसे कपाट दिसते का, ते पाहावे.

प्रश्न : सर्वांत मोठी बरणी ‘थेरिअ‍ॅक’ नावाच्या औषधाची आहे, असे लेखात एका ओळीत आटोपले आहे. हे औषध नेमके काय होते?

उत्तर : तक्रार रास्त आहे. थेरिअ‍ॅक हे चाटण होते. काळ्या समुद्राकाठच्या पाँटस या प्राचीन राज्याचा राजा मिथ्रिडेटीस याला आपल्यावर विषप्रयोग होईल, अशी सतत भीती असे. त्याने बनवून घेतलेल्या उताऱ्याची कृती पुढे रोमनांच्या हाती लागली आणि सम्राट नीरोचा वैद्य अँड्रोमाकस याने तीत भर घालून साठाहून अधिक घटकांचे हे औषध सिद्ध केले. सापाच्या विषावरचा उतारा म्हणून त्यात सापाचेच मांस हवे, अशा विचाराने विषारी सापाचे मांस शिजवून, पावाच्या चुऱ्यात मळून, त्याच्या वड्या करून घालीत. उरलेल्या यादीत दालचिनी, मिरी, केशर, आले, हिराबोळ, ज्येष्ठमध अशी आपल्या ओळखीची नावे भेटतात. हे सारे मधात आणि द्राक्षमद्यात कालवून काही वर्षे मुरवत ठेवीत. मुरलेले चाटण अधिक गुणकारी मानले जाई. लोणच्याबद्दल आपण असेच काही म्हणतो.

यादीतील एक घटक मात्र बाकीच्या साठांवर भारी होता, तो म्हणजे अफू. दुखणे शमवणे, खोकला दाबणे, जुलाब थांबवणे आणि झोप आणणे ही चारही कामे अफू निश्चितपणे करते. ज्या रुग्णालयात हगवण, खोकला आणि वेदना हीच रोजची दुखणी होती, तेथे सर्वांत मोठी बरणी थेरिअ‍ॅकची असावी, यात आश्चर्य नाही. लोकांना गुण येई आणि श्रेय सापाला, केशराला आणि मिथ्रिडेटीसच्या कीर्तीला मिळे.

घटक महाग असल्याने भेसळही सर्रास होई. म्हणून व्हेनिस, बोलोन्या, माँपेलिए अशा शहरांमध्ये थेरिअ‍ॅक चौकात, अधिकाऱ्यांच्या आणि नागरिकांच्या देखत बनवण्याची प्रथा पडली. सर्व घटक आधी लोकांना पाहण्यासाठी मांडून ठेवले जात. औषधाच्या गुणवत्तेवर सार्वजनिक देखरेख ठेवण्याच्या जुन्या रीतींमध्ये या चौकातल्या समारंभाची गणना करायला हवी, मग औषधाबद्दल आपले मत काहीही असो. इंग्रज वैद्य विल्यम हेबरडन याने १७४५ साली एक लहानशी पुस्तिका लिहून या साठ घटकांच्या खिचडीची रेवडी उडवली. तरीही फ्रान्समध्ये थेरिअ‍ॅकची कृती अधिकृत औषधसंहितेत एकोणिसाव्या शतकातही छापली जात होती. मोठी बरणी एकदा फडताळावर बसली, की ती खाली उतरवणे सोपे नसते.

प्रश्न : बरण्यांचे आकार वेगवेगळे का? सजावटीसाठी की त्यालाही काही कारण आहे?

उत्तर : कारण आहे, आणि ते हातात आहे. कमरेत बारीक असलेली, उभट बरणी पाहा. फडताळावर अशा बरण्या एकमेकींना चिकटून ओळीने उभ्या असतात. दंडगोल सरळ असता, तर शेजारच्या दोन बरण्या सरकवल्याशिवाय मधली धरता आली नसती; कमरेतल्या खोलगट जागेत बोटे शिरतात आणि ती अलगद बाहेर येते. तिच्या तोंडाची कड बाहेर वळलेली असते आणि त्या कडेखाली एक खाच असते. चाटण किंवा मलम भरल्यावर तोंडावर चर्मपत्र किंवा कापड ताणून, त्या खाचेत दोरा गुंडाळून गाठ मारीत. म्हणूनच अशा पुष्कळ बरण्यांना झाकण नसते. ते हरवले, असे समजून हळहळू नये. पोट मोठे, बाजूला तोटी आणि मागे मूठ असलेले भांडे सरबतांसाठी आणि तेलांसाठी असे, तर अगदी लहान डब्या गोळ्यांसाठी असत. औषधशाळेत काम करणारी व्यक्ती अंधुक उजेडातही केवळ आकारावरून चाटण, सरबत आणि गोळ्या ओळखू शकत असे.

मातीबद्दलही दोन शब्द सांगतो. या बरण्या खऱ्या चिनी मातीच्या नव्हेत. साध्या भाजलेल्या मातीवर कथिलाची पांढरी झिलई चढवून, तिच्यावर निळ्या किंवा इतर रंगाने नाव व नक्षी काढून त्या पुन्हा भाजलेल्या असतात. झिलईमुळे माती औषध शोषून घेत नाही. पण नाव भट्टीत पक्के होत असल्याने ते पुढे बदलता येत नाही, ही याच पद्धतीची अडचण आहे. वैद्यकातील फॅशन बदलली, एखादे औषध मागे पडले, तरी बरणी टाकून देण्याइतके रुग्णालय श्रीमंत नसे. मग त्याच नावाखाली दुसरेच काही भरले जाई. काही शहाण्या औषधनिर्मात्यांनी म्हणूनच नक्षीची चौकट रंगवून घेतली आणि मधली जागा कोरी ठेवली, म्हणजे तेथे कागदाची चिठ्ठी लावता येई.

प्रश्न : मग बरण्यांमध्ये आज काही उरले आहे का? की त्या स्वच्छ धुऊन ठेवल्या आहेत?

उत्तर : ‘स्वच्छ धुऊन’ हे शब्द वाचून कोणत्याही संग्रहालयातील जतनतज्ज्ञाच्या अंगावर काटा येईल. बरणीच्या तळाशी चिकटलेला काळपट थर हाच पुष्कळदा बरणीचा सर्वांत मोलाचा भाग असतो. वर सांगितल्याप्रमाणे नाव एक आणि माल दुसराच, असे घडत असल्याने, आत खरोखर काय ठेवले जात होते, हे सांगणारा साक्षीदार तोच आहे. गुंजभर नमुन्याचे रासायनिक पृथक्करण केले, तर त्यात राळ आहे की मेण, पारा आहे की शिसे, हे आज कळू शकते. एकदा साबणाने घासलेली बरणी नुसते सुंदर भांडे होऊन राहते.

याला दुसरी बाजूही आहे. जुन्या औषधशाळांमध्ये पारा आणि सोमल यांचे क्षार सर्रास असत आणि ते कालांतराने निकामी होत नाहीत. वनस्पतिज औषधे शंभर वर्षांत भुसा होतात, पण सोमल सोमलच राहतो. ईथरसारखी काही द्रव्ये तर जुनी होताना स्फोटक संयुगे तयार करतात. म्हणून ज्यांच्या घरी जुन्या दवाखान्याच्या बाटल्या माळ्यावर पडलेल्या असतील, त्यांनी त्या उत्सुकतेपोटी उघडू नयेत, हुंगू नयेत आणि मोरीत रिकाम्या करू नयेत.

प्रश्न : तराजू आणि वजने कोणती होती? ग्रॅम होते का?

उत्तर : १७८२ साली ग्रॅम जन्माला यायचा होता. फ्रान्समध्ये औषधे ग्रेन, स्क्रुपल, ग्रो आणि औंस यांत मोजत. २४ ग्रेनचा एक स्क्रुपल, ३ स्क्रुपलचा एक ग्रो आणि ८ ग्रोंचा एक औंस. फ्रेंच ग्रेन सुमारे ५३ मिलिग्रॅम, म्हणजे आपल्या अर्ध्या गुंजेपेक्षा किंचित कमी. औंस सुमारे ३०.६ ग्रॅम. गंमत अशी, की इंग्लंडमधील स्क्रुपल २० ग्रेनचा होता आणि तेथील ग्रेनही निराळा होता, त्यामुळे एका देशाची कृती दुसऱ्या देशात जशीच्या तशी वापरणे धोक्याचे ठरे. दशमान पद्धत १७९५ साली आली, पण सवयी मोडेनात, म्हणून अखेर १ जानेवारी १८४० पासून ती सक्तीची करावी लागली.

प्रश्न : ही औषधे नन बनवीत असत की पगारी औषधनिर्माता? आणि गावकऱ्यांना ती विकत मिळत का?

उत्तर : फ्रान्समधील अशा रुग्णालयांत दोन्ही व्यवस्था आढळतात. शुश्रूषेचे व्रत घेतलेल्या भगिनी बागेतील वनस्पती खुडणे, सावलीत वाळवणे, काढे उकळणे, पट्ट्या व मलमे तयार करणे ही कामे पिढ्यान्‌पिढ्या हाताखाली शिकत आणि शिकवीत. त्यांच्यातील एकीकडे औषधशाळेची जबाबदारी असे. किचकट संयुक्त औषधे आणि विषारी द्रव्ये यांसाठी व्यावसायिक औषधनिर्मात्याची गरज पडे. १७५१ च्या ज्या चित्राचा वर उल्लेख आला, त्यात असाच औषधनिर्माता दाखवलेला आहे.

दोघांच्या कामाचा खरा केंद्रबिंदू खल होता. बोनच्या औषधशाळेतील मोठा खल काशासारख्या मिश्रधातूचा आहे. घंटांसाठी वापरतात तीच ही धातू, आणि घंटा ओतणारे कारागीर पुष्कळदा खलही ओतून देत. त्यामुळे बत्ता कडेला लागला, की खल घंटेसारखा वाजे. कठीण मुळ्या आणि साली कुटायला तो उत्तम. पण आंबट पदार्थ त्यात खलले, तर तांब्याचा हिरवा विषारी गंज धरतो, म्हणून लिंबूवर्गीय आणि आंबट द्रव्यांसाठी संगमरवरी खल आणि लाकडी बत्ता वेगळा ठेवावा लागे. ज्या घरात चिंच पितळेच्या भांड्यात भिजत घालत नाहीत, त्या घरात हे समजावून सांगण्याची गरज नाही.

विक्रीचा प्रश्न मात्र भांडणाचा होता. रुग्णालयांनी व मठांनी बाहेरच्या लोकांना औषधे विकल्याने गावातील औषधनिर्मात्यांचा धंदा बुडे, आणि ‘या भगिनींनी परीक्षा कोठे दिली आहे?’ हा त्यांचा सवालही अगदीच चुकीचा नव्हता. २५ एप्रिल १७७७ च्या राजाज्ञेने या वादाचा निकाल लावला. औषधनिर्माते किराणा व्यापाऱ्यांपासून कायमचे वेगळे झाले, आणि धार्मिक संस्था व रुग्णालये यांना आपल्या अंतर्गत वापरापुरतीच औषधशाळा ठेवण्याची मुभा राहिली. बाहेर विक्री केल्यास ५०० लिव्र (त्या काळचे फ्रेंच चलन) दंड होता. बोनच्या १३० बरण्या या आज्ञेनंतर पाच वर्षांनी आलेल्या आहेत. कायद्याच्या दृष्टीने पाहता, त्या केवळ आतल्या खाटांसाठी होत्या.

प्रश्न : बोनला जाणे होणार नाही. अशा आणखी औषधशाळा कोठे पाहता येतील?

उत्तर : युरोपातच पाहायच्या, तर तीन सुचवतो. बेल्जियममधील ब्रुगे येथील सेंट जॉन रुग्णालयाची औषधशाळा १६४३ साली सुरू झाली आणि तीही, योगायोगाने बोनच्या रुग्णालयाप्रमाणेच, १९७१ पर्यंत चालू होती. तिचे फर्निचर आणि बागेकडची शांतता या दोन्हींसाठी ती पाहावी. इटलीतील नेपल्स येथील ‘असाध्य रोग्यांच्या’ रुग्णालयाची औषधशाळा अठराव्या शतकाच्या मध्यातली आहे आणि तिचा थाट एखाद्या राजवाड्यातील दिवाणखान्यासारखा आहे. रंगवलेल्या शेकडो बरण्यांनी तिच्या भिंती भरलेल्या आहेत. श्रीमंती दाखवण्याचा तिचा सोस मला थोडा जास्त वाटतो, पण कारागिरी अव्वल आहे.

तिसरी अगदी उलट प्रकृतीची आहे. लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयाचा औषधनिर्माता शेजारच्या चर्चच्या माळ्यावर वनस्पती वाळवत असे. त्याच माळ्यावर १८२२ साली स्त्री-रुग्णांसाठी शस्त्रक्रियागृह बांधले गेले. १८६२ साली रुग्णालय त्या जागेतून हलले, माळा बंद झाला आणि जवळजवळ शंभर वर्षे विस्मरणात गेला. १९५० च्या दशकात तो पुन्हा सापडला व १९६२ पासून लोकांसाठी खुला आहे. तेथे रंगीत बरण्यांची रांग नाही. अरुंद गोल जिना चढून गेल्यावर तुळया, उतरते छप्पर आणि वाळलेल्या पाल्याचा वास एवढेच भेटते. त्याच माळ्यावर पुढे अफूची वाळलेली बोंडे सापडली. त्यांच्यावर कोणतेही नाव लिहिलेले नव्हते, आणि ती कशासाठी आणून ठेवली होती, हे ओळखायला कोणालाही क्षणभरही लागला नाही.